१ लाख ३८ हजार चाललेली इलेक्ट्रिक गाडी घ्यावी का? बॅटरी कधी जाते आणि खर्च कुठे येतो

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. २०२१ ची, तीस युनिटच्या बॅटरीची छोटी एसयूव्ही. मीटरवर १ लाख ३८ हजार. आधी एका कंपनीच्या स्टाफच्या ने-आणीला लावलेली. मालक सव्वासहा लाख म्हणतोय. तुम्हाला नाशिकहून सिन्नरला रोज जाऊन-येऊन ७० किलोमीटर, आठवड्याचे सहा दिवस जायचंय आणि गाडी पाच वर्षं तरी वापरायचीय. मेहुणे म्हणतात, "बॅटरी गेली की भंगार." विकणारा म्हणतो, "आठ वर्षांची वॉरंटी आहे, डोळे झाकून घ्या." ऐकायचं कोणाचं?

दोघांचंही नको. मेहुण्यांनी बॅटरीला मोबाइल समजून मत दिलंय आणि विकणाऱ्याने वॉरंटीचं अर्धंच वाक्य वाचून दाखवलंय.

आधी ते अर्धं वाक्य पुरं करू. आपल्याकडे त्या काळातल्या बहुतेक गाड्यांच्या बॅटरीला ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते, अशी वॉरंटी आहे. तारखेने बघितलं तर ही गाडी २०२९ पर्यंत सुरक्षित. किलोमीटरने बघितलं तर उरले फक्त २२ हजार. तुमचे रोजचे ७०, महिन्याचे २६ दिवस धरले तर वर्षाला होतात जवळपास तेवढेच. म्हणजे पुढच्या वर्षी याच सुमारास तुमची वॉरंटी संपलेली असेल आणि उरलेली चार वर्षं जे होईल ते तुमच्या खिशातून. शिवाय गाडी भाड्याच्या धंद्यात चाललेली आहे. अशा वापराला वॉरंटीच्या अटी वेगळ्या असू शकतात, मालक बदलल्यावरही बदलू शकतात. पुस्तिका मागून घ्या आणि चहा पीत पीत पूर्ण वाचा. झीज किती टक्क्यांच्या खाली गेली की कंपनी बॅटरी बदलून देणार, तो आकडा त्यात आहे का ते बघा. काही पुस्तिकांत हळूहळू कमी होणारी क्षमता 'नैसर्गिक झीज' म्हणून सरळ बाजूला काढलेली असते.

मी भोसरीला गॅरेज चालवतो. पंधरा-सोळा वर्षं डिझेलचे पंप आणि इंजेक्टर केले, गेली पाच वर्षं निम्म्याहून जास्त काम इलेक्ट्रिकचं आहे. माझ्याकडे येणाऱ्या गाड्या बिघडलेल्याच असतात, त्यामुळे माझी नजर जरा काळी आहे हे धरून चाला. धड चालणारी गाडी मेकॅनिकच्या दारात येत नाही.

बॅटरी जाते म्हणजे काय होतं

'बॅटरी गेली' या दोन शब्दांत आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक, बॅटरी झिजते. आधी दोनशे किलोमीटर जाणारी गाडी एकशे सत्तर जाते. हे हळू होतं, दिसत राहतं, आधी सांगून होतं. दुसरं, बॅटरी अडते. काल संध्याकाळी चांगली असलेली गाडी आज सकाळी सुरूच होत नाही, पडद्यावर लाल त्रिकोण. लोकांना भीती पहिल्याची वाटते. पैसे जातात दुसऱ्यात.

झिजण्याचं आधी बघू. १ लाख ३८ हजार किलोमीटर, एका चार्जमध्ये खरे दोनशे धरले, तर सुमारे सातशे पूर्ण फेऱ्या झाल्या, म्हणजे बॅटरी तेवढ्या वेळा भरून रिकामी झाली. एलएफपी, म्हणजे लिथियम-आयर्न-फॉस्फेट रसायनाची चांगली सेल दोन हजारांवर फेऱ्या सहज काढते, निकेलवाली एनएमसी साधारण हजार ते दीड हजार. म्हणजे नुसत्या धावण्याने ही बॅटरी म्हातारी झालेली नाही. बॅटरीला खरं खातं ते ऊन, आणि पूर्ण भरून उन्हात उभं राहणं.

अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटी भागात २०१२ च्या उन्हाळ्यात निसान लीफच्या मालकांनी रेंज घटल्याच्या तक्रारी केल्या, त्या तेव्हा खूप गाजल्या. त्या गाडीच्या बॅटरीला पाण्याचं कूलिंग नव्हतं. पुढे जिओटॅब या ताफ्यांची माहिती सांभाळणाऱ्या कॅनडाच्या कंपनीने आकडे काढले. २०१५ च्या लीफची झीज वर्षाला सरासरी ४.२ टक्के, त्याच वर्षीच्या टेस्ला मॉडेल एसची २.३ टक्के. दोन गाड्यांत इतरही फरक आहेत, पण मोठा फरक कूलिंगचा. म्हणून मी गिऱ्हाइकाला किलोमीटर नंतर विचारतो. आधी विचारतो, बॅटरीला कूलंट फिरतो का, आणि गाडी दुपारी कुठे उभी असते?

माझ्याकडे एकाच महिन्यात दोन गाड्या तपासायला आल्या होत्या. एक मुंबई-पुणे मारणारी, दीड लाखाच्या पुढे गेलेली, रोज चार्ज, रोज रिकामी. दुसरी एका निवृत्त काकांची, २६ हजार फक्त, चकाचक, सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. काका दर रात्री शंभर टक्के भरून ठेवायचे, कारण "अचानक दवाखान्यात जायची वेळ आली तर?" गाडी गच्चीच्या पार्किंगवर, वर पत्रासुद्धा नाही. दोन्ही बॅटऱ्यांची क्षमता जवळपास सारखीच निघाली. काकांना मी आकडा सांगितला तेव्हा ते बराच वेळ बॉनेटकडे बघत राहिले. तेव्हा मीटर बघून दचकू नका. टूरची गाडी भरपूर पळते, पण तिला भरून नुसतं उभं राहायला वेळच मिळत नाही.

मात्र टूरच्या गाडीचा एक तोटा असतो. ती फास्ट चार्जरवर वाढलेली असते. चार्जिंगचा इतिहास अधिकृत सर्व्हिस सेंटरच्या लॅपटॉपवर दिसतो. घरच्या साध्या (एसी) विजेवर किती, फास्ट (डीसी) चार्जरवर किती, ते विचारा.

घेण्याआधीची एक रात्र

तपासणीसाठी लोक स्कॅनर लावून 'एसओएच ९२ टक्के', म्हणजे बॅटरीची क्षमता नव्याच्या ९२ टक्के उरली, असा आकडा दाखवतात. तो बीएमएसचा, म्हणजे बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटचा अंदाज असतो. अंदाज चुकतो, आणि कधी कधी चुकवलाही जातो. मी एक जुनी, मजुराची पद्धत वापरतो.

गाडी चालवून दहा टक्क्यांवर आणा. मग साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर, मध्ये युनिट मोजणारं छोटं मीटर लावून, शंभर होईपर्यंत चार्ज करा. रात्री आठला लावली तर पहाटे पाच-सहाला होते. शंभर दिसलं म्हणून लगेच काढू नका, चार्जिंग आपणहून बंद पडू द्या, कारण शेवटी सेल एका पातळीवर आणायचं काम चालू असतं. मग मीटरवरचे युनिट वाचा. जो आकडा येईल, तीच ढोबळमानाने बॅटरीची आजची क्षमता.

यात जादू नाही. तुम्ही बॅटरीचा नव्वद टक्के भाग भरलात, आणि भिंतीतून घेतलेल्या विजेतला साधारण दहा टक्के चार्जरच्या उष्णतेत वगैरे गेला. दोन्ही नव्वदांनी एकमेकांना कापलं. तीस युनिटच्या बॅटरीला भिंतीतून तीसच्या आसपास युनिट लागले तर बॅटरी उत्तम. सत्तावीस लागले तर नव्वद टक्के उरली. साडेचोवीस लागले तर ऐंशीच्या जरा वर. एक-दीड युनिटाची चूक धरून चाला. एलएफपीची गाडी असेल तर हे करण्याआधी एकदा पूर्ण शंभरपर्यंत भरून घ्यायला सांगा, कारण या रसायनाचं व्होल्टेज मधल्या भागात जवळजवळ सपाट असतं आणि बरेच दिवस अर्धवट चार्ज केली की गाडीला स्वतःचे टक्के नीट कळत नाहीत. तुमचे दहा टक्के खरे दहा नसतील तर सगळं गणित फसेल.

विकणारा एक रात्र द्यायला तयार नसेल तर गाडी सोडा. खरंच सोडा.

दुसरी तपासणी सेलमधल्या फरकाची. स्कॅनरवर सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी व्होल्टेजची सेल दिसते. हे पन्नास-साठ टक्क्यांवर बघून उपयोग नाही, मधल्या चार्जवर सगळी पोरं शहाणी दिसतात. पंधरा टक्क्यांच्या खाली बघा आणि शंभर टक्क्यांवर बघा, गाडी उभी असताना. खाली शंभर मिलिव्होल्टच्या वर फरक दिसला की मी पुढे जात नाही. पॅकमधल्या, म्हणजे अख्ख्या बॅटरीच्या पेटीतल्या, सेल एकापुढे एक जोडलेल्या असतात, त्यामुळे सगळ्यात कमजोर सेलचा गट रिकामा झाला की गाडी थांबते, बाकीच्यांत कितीही वीज उरलेली असो.

तिसरं, गाडी घाटात न्या. तुम्ही नाशिकचे, इगतपुरीपुढे कसारा उतरून परत चढा. चार्ज तीस टक्क्यांच्या खाली असताना, एसी लावून, जरा दाबून. कमजोर पॅक इथे उघडा पडतो. टक्के भसकन खाली येतात किंवा गाडी ताकद कमी करते. सपाट रस्त्यावर दोन किलोमीटरच्या ट्रायलला काही कळत नाही.

अडते तेव्हा

आता दुसऱ्या प्रकाराकडे येतो, कारण तुमचे पैसे इथे अडकणार आहेत.

गेल्या पावसाळ्यात एक गाडी टोइंगच्या सपाट ट्रकवर आली. (इलेक्ट्रिक गाडी चाकं जमिनीवर ठेवून कधी ओढू नका, चाकं फिरली की मोटर वीज तयार करते.) मालकाला दुसरीकडे सांगितलं होतं, पॅक बदलावा लागेल, सहा लाखांच्या पुढे. माणूस रडायच्या बेतात. आम्ही मोठी बॅटरी तोडणारा सर्व्हिस प्लग काढला, ठरलेली दहा मिनिटं थांबलो, हातमोजे घालून एकेक केबल सोडवून इन्सुलेशन मोजत गेलो. पॅक ठणठणीत. पुढच्या बाजूच्या एका कनेक्टरचं रबर उंदराने कुरतडलेलं, आत पाणी शिरून पितळेवर हिरवट थर आलेला. कनेक्टर, थोडी वायरिंग आणि मजुरी मिळून साडेनऊ हजार. त्यातला मोठा भाग शोधण्याचा होता, बदलण्याचा नव्हता.

दरवेळी इतकं सोपं नसतं. पण पडद्यावर लाल त्रिकोण आला म्हणजे बॅटरी मेली, असं समजू नका. कॉन्टॅक्टर, म्हणजे आतले मोठे स्विच, चिकटतात, बीएमएसचं बोर्ड जातं, करंट मोजणारा सेन्सर भलतंच सांगतो. आणि हो, कित्येकदा बोनेटखालची साधी १२ व्होल्टची बॅटरी मेलेली असते. मोठी बॅटरी जोडणारे कॉन्टॅक्टर या छोट्या बॅटरीवर चालतात. ती मेली की तीस युनिट पोटात असूनही गाडी दगड. पाच-सात हजारांत नवी येते, तीन-साडेतीन वर्षांनी न विचारता बदलून टाका.

आता माझीच एक चूक सांगतो, म्हणजे तुम्ही दुसऱ्याकडे ती होऊ देणार नाही. पेट्रोल-डिझेल गाडीचा एसी कॉम्प्रेसर पट्ट्यावर फिरतो. इलेक्ट्रिकमध्ये कॉम्प्रेसरच्या पोटातच शेकडो व्होल्टची मोटर असते आणि एसीचं तेल तिच्या वायंडिंगवरून फिरतं. म्हणून तिथे पीओई जातीचं, वीज न वाहणारं तेल लागतं. साध्या गाड्यांतलं पीएजी तेल त्यात गेलं की इन्सुलेशन ढासळतं. हे मला माहीत होतं. माझ्या पोराला माहीत होतं. तरी एका दुपारी, गर्दीत, गॅस भरायचं जुनंच मशीन इलेक्ट्रिक गाडीला लागलं. नळीत उरलेलं तेल आत गेलं. आठ-दहा दिवस काही नाही. मग दमट हवेच्या दिवशी एसी लावला की गाडी बंद, एसी न लावता ठीक. कॉम्प्रेसर, कंडेन्सर आणि पाइप बदलून, बाकी सगळं धुऊन काढलं, तेव्हा सुटलं. पंच्याऐंशी हजार गेले, माझे. आता गॅरेजमध्ये दोन मशीन आहेत आणि एकावर लाल रंगाने लिहिलंय, 'फक्त ईव्ही'. तुम्ही कोपऱ्यावरच्या एसीवाल्याकडे गॅस भरायला जाल तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारा. आणि जुनी गाडी घेताना, याआधी एसीचं काम कुठे झालं, तेही विचारा.

ऑनबोर्ड चार्जर हा दुसरा खर्चिक भाग. घरची वीज आत घेऊन बॅटरीला डीसी करून देणारा डबा. नवा घ्यायचा तर मॉडेलप्रमाणे पाऊण लाख ते सव्वा लाख. बोर्ड दुरुस्त होण्यासारखं असेल तर पंधरा ते तीस हजारांत भागतं. हा डबा मरतो तो बहुतेकदा घरच्या वायरिंगमुळे. न्यूट्रल ढिला, अर्थिंग नुसतं नावाला. चार्जिंगच्या पॉइंटला स्वतंत्र वायर, स्वतंत्र अर्थिंग आणि आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच), एवढं गाडी दारात यायच्या आधी करून घ्या.

नवा पॅक, जुना पॅक, एक मॉड्यूल

समजा खरंच पॅकच गेला. तीस युनिटच्या वर्गातल्या नव्या पॅकची साडेचार ते सात लाखांदरम्यानची कोटेशनं मी स्वतः पाहिली आहेत. लोक म्हणतात, बॅटऱ्या तर स्वस्त झाल्या. झाल्या, खरं आहे. ब्लूमबर्गच्या ऊर्जा विभागाने काढलेली जगातली सरासरी किंमत २०२४ मध्ये प्रति युनिट ११५ डॉलर होती, २०१० च्या सुमारास ती हजाराच्या वर होती. तीस युनिटला हिशेब केला तर तीन लाखांच्या आसपास बसतो. पण तो दर कारखान्यात हजारोंनी घेणाऱ्याचा. तुम्हाला एक नग हवा, पेटी आणि बीएमएससकट, वाहतुकीसकट, आणि वर जीएसटी. गंमत बघा, अख्ख्या नव्या इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के, आणि तीच लिथियमची बॅटरी सुटी घेतली तर १८ टक्के.

अपघातात गेलेल्या गाडीचा जुना पॅक अर्ध्या पैशांत मिळतो. मी बसवून दिलेत. पण त्याचीही वरची सगळी तपासणी करूनच, आणि गाडीची त्याच्या बीएमएसशी ओळख करून द्यायला कंपनीचं सॉफ्टवेअर आडवं येतं का, ते आधी विचारून.

एक मॉड्यूल, म्हणजे पॅकमधला सेलचा एक गठ्ठा, बदलण्याचं काम सगळ्यात स्वस्त, पण सगळ्यात जास्त फसवणूक इथेच. चार वर्षं झिजलेल्या पॅकमध्ये एक कोरं करकरीत मॉड्यूल घातलं की ते बाकीच्यांशी जुळत नाही, सहा महिन्यांत गाडी परत येते. तितक्याच झिजलेलं मॉड्यूल शोधावं लागतं, आधी बाहेर समपातळीवर आणावं लागतं, आणि पेटी बंद करताना सील बदलून हवेच्या दाबाने गळती तपासावी लागते. ही शेवटची पायरी वगळली की पहिल्या पावसात आत पाणी. आणि काही पॅक तर आतून चिकटवलेले असतात, मॉड्यूल सुटतच नाही. तुमच्या गाडीचा पॅक कुठल्या प्रकारचा, हे तिथला कारागीर सांगेल. वॉरंटी चालू असताना मात्र कोणालाही पेटी उघडू देऊ नका.

बाकी किरकोळ, पण दरवर्षीचं

बॅटरीच्या काळजीत लोक हे विसरतात. गाडी जड, टॉर्क पहिल्या क्षणापासून, त्यामुळे टायर चाळीस हजारांच्या आसपास संपतात. चार टायर तीस हजार, पाच वर्षांत अडीच-तीन सेट. सिन्नर रस्त्याच्या रोजच्या वजनदार धावपळीत पुढचे लोअर आर्म, बुश, स्ट्रट माउंट एकदा करावेच लागतील, तीस-पस्तीस हजार. टूरच्या गाडीचे कदाचित आत्ताच वाजत असतील, पहिल्याच ट्रायलला स्पीडब्रेकरवर खिडक्या उघड्या ठेवून ऐका. ब्रेक पॅड मात्र खूप चालतात, रीजनमुळे, म्हणजे वेग कमी करताना मोटरच वीज परत भरत गाडी रोखते म्हणून. उलट त्रास असा की वापर नसल्याने डिस्क गंजतात आणि कॅलिपरच्या पिना अडकतात, म्हणून वर्षातून एकदा उघडून साफ करून घ्या. कूलंट कंपनीने सांगितलेलाच. काही गाड्यांत कमी वीजवाहक कूलंट लागतो, हिरवं काहीतरी आणून ओतू नका. गिअर ऑइल एकदा. बस्स.

आता पैसे

पाच वर्षं, १ लाख १० हजार किलोमीटर धरू. भिंतीतून शंभर किलोमीटरला १५ युनिट, म्हणजे एकूण १६,५०० युनिट. दहा रुपयांनी १ लाख ६५ हजार. इथे एक खड्डा आहे. महिन्याला तुमचे पावणेतीनशे युनिट फक्त गाडीला जाणार. ते घरच्या मीटरवर टाकलेत तर घरगुती दराच्या महाग टप्प्यात जाल. महावितरणकडून वाहन चार्जिंगसाठी वेगळं मीटर घ्या, तरच दहाच्या आसपास राहाल.

तेवढंच अंतर पेट्रोलवर, लिटरला १५ च्या ॲव्हरेजने आणि १०४ रुपयांनी, सुमारे ७ लाख ६० हजार. सीएनजीवर, किलोला २२ आणि ९० रुपयांनी, साडेचार लाख. म्हणजे पेट्रोलपेक्षा जवळपास सहा लाख वाचतात, सीएनजीपेक्षा पावणेतीन-तीन. दर तुमच्या गावचे घालून हा हिशेब परत करा, पण त्यातून निघणारी गोष्ट तीच राहील. तुम्ही पेट्रोलची गाडी सोडून ही घेत असाल तर अख्खा पॅक गेला तरी पाच वर्षांत बरोबरीला याल. सीएनजी सोडून घेत असाल तर पॅक गेल्यावर तुम्ही तोट्यात. हे तुम्ही प्रश्नात लिहिलेलं नाही, आणि माझ्या उत्तराचा अर्धा भाग त्यावर अवलंबून आहे.

म्हणून वाचलेले पैसे वाचले असं समजून खर्च करू नका. पेट्रोलच्या तुलनेत महिन्याला नऊ-दहा हजार वाचतात, त्यातले सहा हजार पोस्टाच्या आरडीत टाका. पाच वर्षांत साडेतीन लाखांच्या वर होतात. अडचण एवढीच की पॅक दुसऱ्याच वर्षी अडला तर आरडीत दीड लाखच असतील. ही पोकळी तुम्हाला खरेदीच्या किमतीतच भरून काढायची आहे. सव्वासहा लाख हा भाव वॉरंटीची तीन-चार वर्षं शिल्लक असलेल्या गाडीचा आहे. या गाडीची एकच उरली आहे. चार्जिंगच्या रात्री सव्वीसच्या वर युनिट आले, सेलमधला फरक बरा निघाला आणि घाट नीट चढली, तर मी साडेचार सांगेन आणि पावणेपाचला उठेन. पाचच्या वर नाही. चोवीसच्या खाली युनिट आले तर फुकटच्या भावाखेरीज बोलणीच नकोत.

आणि तीन परिस्थितींत गाडी कितीही चांगली निघाली तरी मी नको म्हणेन. घरी स्वतःचा चार्जिंग पॉइंट नसेल आणि सगळं सार्वजनिक चार्जरवर असेल, तर विजेचा दर दुप्पट होतो आणि सगळं गणित कोलमडतं. घरात ही एकच गाडी असेल आणि ती पंधरा दिवस उभी राहिलेली परवडणार नसेल, तरी नको, कारण सुटे भाग यायला तेवढे दिवस जातात. आणि पॅक उघडू शकणारा, हातमोजे-मीटर बाळगणारा माणूस नाशिकात किंवा पुण्यात तुमच्या ओळखीचा नसेल, तर आधी तो शोधा, मग गाडी.

घेतलीत तर पहिल्या वर्षाचं काम लक्षात ठेवा. मीटर १ लाख ५५ हजारला येईल तेव्हा, म्हणजे वॉरंटी संपायच्या दोन-तीन महिने आधी, अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन बॅटरीची पूर्ण तपासणी मागा. तोपर्यंत जाणवलेली प्रत्येक तक्रार, टक्के भसकन पडणं, फास्ट चार्जिंग मध्येच तुटणं, सगळं जॉब कार्डवर लेखी चढवून घ्या आणि त्याची प्रत घरी ठेवा. वॉरंटीत नोंदवलेली तक्रार नंतर वाढली तर तुमच्या हातात कागद असतो. तोंडी सांगितलेलं कोणालाच आठवत नाही.

गाडीची पाटी हिरवी, पण अक्षरं पिवळी असतील, कारण ती भाड्याच्या वापरात नोंदलेली आहे. खासगी करून पांढरी अक्षरं आणण्याचं आरटीओचं काम विकणाऱ्याकडूनच करून घ्या, शेवटचे पन्नास हजार त्यासाठी अडकवून ठेवा. इन्शुरन्सही तुमच्या नावावर करून घ्या. आणि ताबा घेताना डिकी उघडून घरचा पोर्टेबल चार्जर आहे का ते बघा. टूरच्या गाड्यांतून तो हमखास गायब असतो, आणि नवा घ्यायला वीस-पंचवीस हजार मोजावे लागतात.